चौदा नंबरचे दोन सोमवार

"मॅडम, राखीव फांदीला बी धरलंय."

ऋचाने हे इतक्या हळू सांगितलं की मला वाटलं, ती दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतेय. पॉलिहाऊसमध्ये पंख्यांचा आवाज असतो. तिथे आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. मी हातातली कात्री ठेवली आणि चौदा नंबरच्या झाडापाशी गेले. पिवळी फीत बांधलेली फांदी उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे अगदी जवळ नेले. हिरव्या तुऱ्यात, इवल्या पानांच्या आड, मुगाएवढा दाणा होता. त्याच्या शेजारी दुसरा. खाली आणखी.

त्या फांदीला बी असायला नको होतं. एकही नको होतं. 

आता आधी माझ्या कामाविषयी सांगते, म्हणजे यात एवढं काय बिघडलं ते कळेल. मी ग्वाल्हेरच्या बाहेर एका खासगी संशोधन केंद्रात प्लांट ब्रीडर आहे. सोप्या भाषेत, झाडांची लग्नं जुळवणारी बाई. मुलीचे गुण बघायचे, मुलाचे बघायचे, लग्न लावायचं आणि मुलांमध्ये काय काय उतरतं ते बघत बसायचं. आधी मोहरीची लग्नं लावली, मग काही वर्षं हरभऱ्याची. सध्या भांगेची लावते. आमच्या दर्पण कॉलनीत हे कळल्यापासून होळी जवळ आली की शेजारचे काका गेटाशी उभे राहून विचारतात, "काय वैशाली, यंदा काही सॅम्पल?" मी सांगते, "काका, आमची भांग प्यायलात तर चढणार नाही, नुसती झोप चांगली लागेल." काका निराश होऊन आत जातात.

काकांना मी थट्टेत सांगते ते जवळजवळ खरंच आहे. भांगेच्या मादी फुलावर राळेचे बारीक थेंब असतात, दवासारखे. त्या थेंबात झाड आधी एक मूळ द्रव्य बनवतं. त्याला सीबीजी म्हणतात. मग झाडाकडे जे एन्झाइम असेल, ते या मूळ द्रव्याचं पुढे काहीतरी करतं. एक एन्झाइम त्याचं टीएचसी करतं, ज्याने नशा चढते. दुसरं त्याचं सीबीडी करतं. सीबीडीने नशा चढत नाही आणि फिट येणाऱ्या काही मुलांच्या औषधात ते वापरतात. झाडाकडे कोणतं एन्झाइम असणार, हे आईबापांवर ठरतं. एक हिस्सा आईकडून येतो, एक बापाकडून. दोघांनी सीबीडीचा हिस्सा दिला तर झाड सज्जन. एकाने सज्जन आणि एकाने नशेचा दिला तर झाडात दोन्ही द्रव्यं निम्मी निम्मी.

हे मी नव्या लोकांना इतक्या वेळा समजावलंय की झोपेतही सांगेन. तरी दर वेळी सांगताना मी मध्येच थांबते. पान तेच, वास तोच, थेंब तोच. त्यातून औषध निघणार की नशा, हे नजरेला न दिसणाऱ्या एका हिश्श्यावर ठरतं. मला याचं नवल वाटायचं बंद झालं, की मी राजीनामा देणार आहे.

चौदा नंबर हे आमचं सर्वांत सज्जन झाड. हजारो रोपं वाढवली, तपासली, उपटली, तेव्हा हे एक हाती लागलं. सीबीडी भरपूर, नशेचं द्रव्य जेमतेम नावापुरतं आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातही मान न टाकणारं. मे महिन्यात इथे किल्ल्याचा दगडही तापून फुटेल असं वाटतं, तेव्हा हे बाईसाहेब हिरव्यागार. एका औषध कंपनीला याच झाडाचं बियाणं हवं होतं. मला ते त्यांच्याहून जास्त हवं होतं. माझ्या नोकरीतली सगळी चांगली वर्षं त्या एका कुंडीत उभी होती.

पण आमच्या परवानगीत एक अट आहे. नशेचं द्रव्य ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलेलं एक जरी रोप सापडलं, तर तो पूर्ण लॉट जाळायचा. बियाणं, रोपं आणि ज्या झाडापासून ते झालं, ते झाडही. आबकारी खात्याचे इन्स्पेक्टर, तोमर साहेब, समोर उभे राहून जाळून घेतात.

आणि पॉलिहाऊसच्या बाहेर, नाल्याकाठी, रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर जी भांग आपोआप उगवते, ती सगळी नशेची. तिचा एक परागकण आत आला आणि आमच्या झाडावर बसला, की होणारं मूल निम्मं नशेचं. म्हणून पॉलिहाऊस बंद. आत येणारी हवा फिल्टरमधून. काळे पडदे ओढून आम्ही आतली रात्र लांबवतो, म्हणजे झाडं आम्हाला हवी तेव्हा फुलतात. बाप झाड दुसऱ्याच इमारतीत. त्याचे पराग बाटलीतून आणायचे, ऋचाने ते ब्रशने निवडक फांद्यांना लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची, आणि एक-दोन दिवसांनी पाण्याचा फवारा मारून पिशवी काढायची. पाण्याने उरलेसुरले पराग मरतात.

एक फांदी मात्र कोरी ठेवायची. बी धरलं की झाडाची ताकद बियांत जाते, राळ कमी होते. रसायन मोजायला बिनबियांची फांदी लागते. तीच ही पिवळ्या फितीची राखीव फांदी.

"कुणाला सांगितलंस?" मी ऋचाला विचारलं.

"नाही मॅडम. सगळ्यात पहिले तुम्हालाच सांगून राहिले."

ऋचा दामले आमची पॉलिनेशनची तज्ज्ञ. दाना ओलीतली सून, लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. हात इतका हलका की ब्रश फुलाला लागला ते फुलालाही कळू नये.

सक्सेना साहेब आमचे डायरेक्टर. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला, तो थोडा चुकला.

"तोमर साहब अगले हफ़्ते इंस्पेक्शन पे आ रहे हैं. आपको पता है ना?"

"पता है, सर."

"तो क्या बोलेंगे उनको?"

"पहले ख़ुद तो समझ लें कि हुआ क्या है."

पहिला संशय चौदा नंबरवरच होता. आणि इथे मला या वनस्पतीला नमस्कार करावासा वाटतो. मादी झाडाला फार काळ पराग मिळाले नाहीत, की कधीकधी ते स्वतःच्याच अंगावर एखादं नरफूल काढतं. वंश बुडण्यापेक्षा आपणच आई, आपणच बाप. तसं झालं असतं तर निदान बिया सज्जन असत्या, कारण बाहेरचा हिस्साच आला नसता. मी आणि ऋचाने भिंग घेऊन तुरा न् तुरा तपासला. मान आखडली. एकही नरफूल मिळालं नाही.

मग राखीव फांदीवरच्या काही बिया डीएनएच्या तपासणीला पाठवल्या. बियाचं टरफल असतं आईचं. आतला गर्भ असतो दोघांचा. म्हणून टरफल सोलायचं आणि तो तांदळाच्या कणीएवढा पांढरा गर्भ तेवढा नळीत घालायचा. झाड फुलायची वाट बघावी लागत नाही. त्या कणीत सगळं आधीच लिहिलेलं असतं.

रिपोर्ट आला. एकूण एक बियांत नशेचा हिस्सा. बाप बाहेरचा होता.

सक्सेना साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "फ़िल्टर! मैं कब से कह रहा हूँ, वो फ़िल्टर वाला चोर है." त्यांनी फिल्टरवाल्याला फोन लावला आणि त्याच्या मागच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले.

मला फिल्टर पटत नव्हता. फिल्टर फाटला असता तर पराग पंख्याच्या बाजूने आले असते, सगळ्या झाडांवर सारखे पडले असते. मी पॉलिहाऊसमधल्या प्रत्येक झाडाची राखीव फांदी बघितली. बी फक्त चौदा नंबरला होतं. तेही पंख्याच्या बाजूला नव्हे. आम्ही जिथून चालतो त्या वाटेच्या बाजूला. तेही माणसाच्या डोक्याच्या उंचीपासून खाली. वरचे तुरे कोरे.

पराग हवेतून आले नव्हते. ते चालत आले होते, आणि चौदा नंबरपाशी थांबले होते.

मी एक स्टूल घेतलं आणि त्या फांदीसमोर बसले. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. माझे वडील फौजेतले. ते म्हणायचे, काही सुचलं नाही की समोर जे आहे ते नीट बघ. मी नीट बघितलं. आणि हळूहळू मला दिसायला लागलं, की बिया एकसारख्या नाहीत. काही कडक झालेल्या, करड्या, त्यांवर चट्टेपट्टे उमटायला लागलेले. काही हिरवट, नखाने दाबल्या तर दबणाऱ्या. मधल्या वयाची एकही नाही. मोठ्या बिया तुऱ्यात खाली, कारण तिथली फुलं आधी उमलतात. लहान वरच्या बाजूला, नंतर उमललेल्या फुलांत.

म्हणजे पराग रोज आले नव्हते. दोनदाच आले होते. आणि दोन खेपांत साधारण आठवड्याचं अंतर होतं.

 कुणी तरी या झाडाजवळ दोनदा आलं, आणि झाडाने दोन्ही भेटी नोंदवून ठेवल्या. तोंड नाही, भाषा नाही, पण कोण कधी आलं ते फांदीवर ओळीने मांडून ठेवलं. मी कितीतरी वर्षं या झाडांत वावरले. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, की मी त्यांना बघते त्याहून जास्त ती मला बघत असतील.

मी सक्सेना साहेबांना आणि ऋचाला तिथेच बोलावलं. बिया दाखवल्या.

"नेमका दिवस मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "अंतर सांगता येतं. दोन खेपा, मध्ये आठवडा. साधारण राखीनंतरच्या. आपल्याकडे आठवड्यातून एकदा काय होतं?"

"शनिवार को फ़िल्टर धुलता है," सक्सेना साहेब लगेच म्हणाले.

"फ़िल्टर छोड़िए सर."

"बुधवार को कीड़े का स्प्रे."

 ऋचा फांदीकडे बघत होती. 

"मॅडम," ती म्हणाली, "सोमवार."

"काय सोमवारी?"

"शिवामूठ."

आता हे सांगायला हवं. आमच्या केंद्रात श्रावणाची धास्ती असते. इथे महादेवाला बेल आणि धोत्र्याबरोबर भांग वाहतात. श्रावणात सगळा स्टाफ देवळात जाऊन येतो, हातात भांगेच्या डहाळ्या. आणि त्याच दिवसांत बाहेरची नर भांग फुलायला लागलेली असते. तिच्या एका फुलाला टिचकी मारा, पिवळा धूर निघतो. म्हणून साहेबांनी नियम केला होता. सावन चालू असेपर्यंत प्रत्येकाने इथे आल्यावर आंघोळ करायची, केस धुवायचे, केंद्राचे कपडे घालायचे, डोक्याला टोपी. कुणाचीही सूट नाही, साहेबांचीसुद्धा नाही. राखी पौर्णिमेला नोटीस लागली, सावन समाप्त, नियम समाप्त. दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखा नुसता कोट आणि चपला.

"पर सावन तो राखी को ख़त्म हो गया था," सक्सेना साहेब म्हणाले.

"आपका ख़त्म हुआ था, सर," मी म्हटलं. "हमारा तो राखी के दिन आधा होता है."

साहेबांना वाटलं, मी थट्टा करतेय. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, हे मी त्यांना तिथेच, चौदा नंबरसमोर समजावलं. त्यांचा सावन आमच्याआधी पंधरवडा सुरू होतो आणि आमच्याआधी पंधरवडा संपतो. ग्वाल्हेरात आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आम्ही घरातही अर्धं हिंदी बोलतो, पोह्यांवर जिलबी खातो, पण श्रावण मात्र आम्ही दख्खनेतूनच आणलाय. बाकीचं शहर राखी बांधून मोकळं होतं, तेव्हा दाना ओलीतल्या दामल्यांच्या घरी सोमवार शिल्लक असतात. त्या वर्षी दोन होते.

"एक महीना, और दो-दो बार ख़त्म होता है?" साहेब म्हणाले. "ये मुझे कोई बताता क्यों नहीं?"

कुणी सांगणार कसं? नोटीस वाचताना कुणाच्या मनातच आलं नाही. ऑफिसात आम्ही सगळे सावनमध्ये राहतो आणि घरी गेलो की श्रावणात.

ऋचा रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती एकेक गोष्ट सांगत होती. लग्नानंतरची पहिलीच शिवामूठ. सासूबाईंनी सोमवारी सकाळी पत्रीची पिशवी हातात द्यायची, गल्लीतल्या देवळात मूठ वाहायची, पत्री वाहायची, पिशवी पिंडीवर उलटी करून झटकायची आणि तशीच स्कूटर काढून कामाला यायचं.

"पिशवीत भांगेचे तुरे होते?"

"होते."

"फुललेले?"

"असतील ना मॅडम. श्रावणातले होते."

"तू बघितलं नाहीस? तू?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "बघितलं. पण मॅडम, त्या पिशवीत ना, ती पत्री होती. बेलासारखी, धोत्र्यासारखी. इथे येते तेव्हा ती कॅनाबिस होते. मला खयालच नाही आला की दोन्ही एकच चीज आहे."

 मला ते पूर्ण समजलं. माझ्याही देवघरात तुळस ही तुळस असते, तिचं शास्त्रीय नाव मला तिथे आठवत नाही. देवळात वाकली तेव्हा पराग तिच्या केसांत बसले असणार. नजरेला न दिसणारी धूळ. मग ती रोजच्यासारखी आधी चौदा नंबरपाशी आली असणार, कारण ते आमचं लाडकं. खालचे तुरे बघायला वाकली असणार. एवढंच झालं होतं.

"इसको मेमो देना पड़ेगा," सक्सेना साहेब म्हणाले.

"सर, नोटीस पे साइन किसकी थी?"

साहेबांनी घाईने हात झटकला. मग म्हणाले, "मेमो बाद में देखेंगे. तोमर साहब को क्या बोलें?"

"जो हुआ वही."

"और चौदह नंबर? जला देंगे वो."

हेच तर होतं. राखीव फांदी गेली तर जाऊ दे. पण ज्या फांद्यांना ऋचाने ब्रशने पराग लावले होते, त्यांच्या बियांत आता भेसळ होती. पिशव्या काढल्यानंतरही त्या तुऱ्यांच्या टोकांना नवी फुलं उमलत राहिली होती. खालच्या बिया आमच्या निवडलेल्या बापाच्या, टोकाच्या बिया पत्रीच्या. एकाच तुऱ्यात सज्जन आणि नशेच्या भावंडांची दाटी. आणि नियम सरळ होता, एक रोप सापडलं तरी सगळं जाळा.

मी लाल दोरा आणला. वाटेच्या बाजूचे सगळे तुरे घेतले. बियांचं वय बघत, नखाने दाबून बघत, प्रत्येक तुऱ्यावर एका ठिकाणी दोरा बांधला. दोऱ्याच्या खालचं आपलं, वरचं परकं. ऋचाने तुरे धरले, मी गाठी मारल्या. 

तोमर साहेब आले. उंच, मिशीवाले, आवाज घोगरा. मुरैन्याकडचे. त्यांना खुर्ची दिली तर ते बसले नाहीत. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. श्रावण, सावन, शिवामूठ, पिशवी. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

"मैडम," ते शेवटी म्हणाले, "कहानी अच्छी है. पर मेरे यहाँ सबकी कहानी अच्छी होती है. ज़मानत वालों की सबसे अच्छी."

"कहानी मत मानिए. झाड से पूछ लीजिए." मी घाबरले की माझं हिंदी असं मराठी होतं. "पेड़ से. धागे के नीचे के बीज में नशे वाला हिस्सा नहीं मिलेगा. ऊपर वाले में मिलेगा. आप ख़ुद उठाइए, ख़ुद नंबर डालिए."

"और एक भी ग़लत निकला तो?"

सक्सेना साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी चौदा नंबरकडे बघितलं.

"तो जला दीजिए," मी म्हटलं.

तोमर साहेबांनी टोपी काढून केसांची जाळी चढवली, मिशीवरून मास्क ओढला आणि आत आले. त्यांनी स्वतः बिया खुडल्या. कोणती कुठली, ते फक्त त्यांनी त्यांच्याजवळ लिहून ठेवलं. नळ्यांचे दोन ट्रे भरले, एकावर 'ऊपर', एकावर 'नीचे'. स्वतः लॅबपर्यंत सोबत गेले.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही सगळे साहेबांच्या केबिनमध्ये होतो. ऋचा दाराशी उभी. तोमर साहेबांनी पाकीट उघडलं, चष्मा लावला.

"नीचे वाले. सब साफ़."

मी ऋचाकडे बघितलं.

"ऊपर वाले." ते थांबले. बोट खाली सरकत गेलं. "नशा. नशा. नशा. नशा..." मग बोट थांबलं. "ये एक साफ़ है."

सक्सेना साहेब मटकन खुर्चीत बसले.  मनात नुसती धावाधाव. दोरा चुकीच्या ठिकाणी बांधला? एखादं जुनं फूल टोकाला राहिलं? वरचं एक सज्जन निघालं तर खालचं एखादं नशेचं असू शकतं, असं ते म्हणणार, आणि ते बरोबरच म्हणतील. मी डोळे मिटले. मला चौदा नंबर ड्रममध्ये जळताना दिसलं, अगदी स्पष्ट.

"मैडम," तोमर साहेबांचा आवाज आला, "एक ग़लत निकला."

"जी."

"ये वाला मैंने नीचे से उठाया था."

मी डोळे उघडले. ते हसत नव्हते, पण मिशी किंचित हलली होती.

"ऊपर वाली ट्रे में एक नीचे का डाल दिया था. देखना था आप लोग लैब से मिले हुए तो नहीं. लैब को ऊपर-नीचे पता था, ये नहीं पता था." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात टेकला. "पूरी नौकरी गवाही लेते निकल गई. आदमी झूठ बोलता है, काग़ज़ झूठ बोलता है. ऐसा गवाह पहली बार देखा. हमने भटकाया, तब भी नहीं भटका."

 दाराशी ऋचा रडायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मलाही रडू येत होतं, पण मी सक्सेना साहेबांचा चहा पिऊन टाकला.

तोमर साहेबांनी वरिष्ठांकडे रिपोर्ट धाडला आणि अटी घालून परवानगी टिकली. दोऱ्याच्या वरचं सगळं आणि सबंध राखीव फांदी त्यांच्यासमोर जाळली. दोऱ्याखालच्या बिया पेरायच्या, पण प्रत्येक रोपाची फुलण्याआधी तपासणी करून. ती आम्ही केली. एकही रोप परकं निघालं नाही. चौदा नंबर जागच्या जागी राहिलं. जाण्यापूर्वी तोमर साहेबांनी विचारलं, "एक बार और देख सकते हैं उसको?" जाळी, मास्क, चपला सगळं पुन्हा चढवून ते आत गेले आणि हात मागे बांधून त्या झाडासमोर उभे राहिले. किल्ल्यावर आलेले पाहुणे मानमंदिराच्या निळ्या भिंतीसमोर उभे राहतात, तसे.

ऋचाला मेमो मिळाला नाही. तिच्या सासूबाईंनी निरोप पाठवला, की शिवामूठ चुकवता येणार नाही, पण सुनेने देवळातून आल्यावर न्हाऊन जावं म्हणून रविवारीच बंब भरून ठेवू. महादेवालाही चालेल, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

आणि आमच्या नोटीस बोर्डावर नवी नोटीस लागली, सक्सेना साहेबांच्या सहीची. नियम सावनच्या पहिल्या दिवशी सुरू होईल आणि श्रावणाच्या अमावास्येला संपेल. दोन्ही पंचांगं ऑफिसच्या खर्चाने आणली आहेत, शेजारी शेजारी टांगली आहेत. धडा घ्यायचाच तर एवढाच, की फिल्टर हवेसाठी असतो, माणूस घरून काय घेऊन येतो त्याला फिल्टर नाही. अधिक मास नावाचा प्रकारही असतो, हे साहेबांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या श्रावणात मी चौदा नंबरच्या राखीव फांदीला पुन्हा पिवळी फीत बांधली. अमावास्येनंतर तीन आठवड्यांनी स्टूल घेऊन समोर बसले, भिंग काढलं, तुरा न् तुरा बघितला. कोरा. त्या श्रावणात आमच्याकडे कुणी चुकलं नव्हतं. हे मला आधीच माहीत होतं. तरी त्या फांदीकडून ऐकल्यावर बरं वाटलं.